काठी आपटत चला

आमचे आजोबा गावची जागल करीत. रात्री फिरताना त्यांच्या हातातली काठी पावलागणिक जमिनीवर आपटे. लहानपणी आम्ही विचारले, "आबा, आवाजानं चोर पळून जाईल की!" ते म्हणाले, "चोर पळू दे रं, आधी जनावर सरकलं पाहिजे." जनावर म्हणजे साप. आबा शाळेत गेले नव्हते. पण त्यांच्या काठीमागे केवढे शास्त्र होते, हे आम्हाला पुढे पुस्तकांतून कळले.

सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. आतला कान मात्र आहे. त्याचा खालचा जबडा जमिनीला टेकलेला असतो. पाऊल पडले की जमीन किंचित हादरते. तो कंप जबड्यात शिरतो, तिथून एका बारीक हाडावाटे आतल्या कानापर्यंत पोहोचतो. माणूस दिसण्याआधीच सापाला त्याची चाहूल लागते आणि बहुतेक वेळा तो बाजूला होतो. विनाकारण चावण्यात त्याला काही रस नसतो.

मग पुंगीवर नाग डोलतो तो कसा? नाग डोलतो तो सुरांवर नव्हे, गारुड्याच्या हलत्या पुंगीवर नजर ठेवून. साप अगदी बहिरा आहे असेही नाही. खोल, जाड आवाजाने त्याच्या कवटीला सूक्ष्म हादरा बसतो व तो त्याला कळतो, असे २०१२ साली अजगरांवरील प्रयोगांत दिसून आले. पण त्यात गाण्याची आवड कुठली आली?

वाचकहो, हा विषय करमणुकीचा नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० सालच्या एका अभ्यासात मांडला आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. निम्मे मृत्यू पावसाळ्यातले. म्हणजे शेतात राबणारी, जमिनीवर अंथरूण टाकणारी आपलीच माणसे.

काठीवर सगळा भार मात्र टाकू नका. घोणस पुष्कळदा जागची हलत नाही, नुसती फुत्कारते. मण्यार रात्री अंथरुणात शिरते. म्हणून अंधारात बॅटरी व बूट हवेत, आणि झोपायला शक्यतो खाट व नीट खोचलेली मच्छरदाणी.

तरीही दंश झालाच, तर मांत्रिकाकडे जाऊ नका. बरेच साप बिनविषारी असतात. त्यांचा दंश झालेला माणूस मंत्राविनाही वाचतोच, आणि श्रेय मांत्रिक घेतो. विषारी दंशात मात्र तेवढ्या वेळात माणूस हातचा जातो. जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. रोग्याला धीर द्या, दंशाचा भाग हलू देऊ नका आणि तडक रुग्णालय गाठा. विषावर उतारा एकच, प्रतिविषाचे इंजेक्शन.

घरातल्या मुलांना काठी आपटत चालायला शिकवा. आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात हे इंजेक्शन शिल्लक आहे का, याची चौकशी वस्तीतल्या चौघांनी मिळून आजच करून ठेवा. नसेल तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.