जन्मवेळ कळली, आयुष्य नव्हे

संध्याकाळनंतर बस मिळेलच याची शाश्वती नसलेल्या गोव्यात मोटार ही चैन राहिलेली नाही. ज्याला नवी परवडत नाही तो जुनी घेतो. अशा खरेदीदाराने सांगाड्यावर कोरलेला १७ अक्षर-अंकांचा चॅसिस क्रमांक इंटरनेटवर टाकावा आणि गाडीची कुंडली फुकट वाचावी, असा पुकारा करणारी साधने आज उदंड झाली आहेत. यांतले कोणते निवडावे, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. त्यावर एखाद्या कुटुंबाची वर्षानुवर्षांची बचत पणाला लागलेली असते.

मुळात हा क्रमांक सांगतो किती? पहिली ३ स्थाने निर्मात्याची, पुढची ६ गाडीच्या प्रकाराची आणि अखेरची ८ त्या विशिष्ट गाडीची. आय, ओ व क्यू ही अक्षरे त्यात नसतात, कारण एक व शून्य यांच्याशी त्यांची गल्लत होते. म्हणजे ही गाडीची जन्मवेळ झाली. अपघात, पूर किंवा थकलेले कर्ज त्या अक्षरांत कोठून उमटणार?

अमेरिकेने १९८१ पासून ही रचना सक्तीची केली. तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासन क्रमांक उलगडून दाखविण्याची सोय विनामूल्य देते. पण ती त्या देशात विकावयाच्या गाड्यांसाठी. तेथे नववे स्थान पडताळणीच्या अंकाचे असते, आपल्याकडे तशी सक्ती नाही. तेव्हा परदेशी साधनाने क्रमांक चुकीचा ठरविला म्हणून विक्रेत्यास चोर ठरवू नये आणि बरोबर ठरविला म्हणून निर्धास्तही होऊ नये.

आमच्या मते, जे साधन आपल्या माहितीचा उगम व मर्यादा स्पष्ट सांगते आणि मोबाईल वा बँक कार्डाचा क्रमांक मागत नाही, तेच वापरण्याजोगे. जे फुकट म्हणून बोलावते आणि अखेरच्या पायरीवर पैसे मागते, त्याला दुरूनच नमस्कार करावा.

त्यानंतरही खरी परीक्षा उरतेच. सांगाड्यावरचा क्रमांक नोंदणीपुस्तिकेशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा; परिवहन खात्याच्या 'वाहन' प्रणालीत नोंद तपासावी; बोजा असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला हाती आल्याविना इसार देऊ नये. गाडी परराज्यातली असेल तर तेथील परिवहन कार्यालयाचाही दाखला हवा. परिवहन खात्याने एवढे चार नियम आपल्या प्रत्येक कार्यालयाच्या दारावर मराठी-कोकणीत लावले, तर कित्येकांचे नुकसान टळेल. ही अपेक्षा फार मोठी आहे असे आम्हांस वाटत नाही.