दाढा गेल्या, दुखणं तिथंच!

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात कुणाचा जबडा दुखतोय किंवा मान धरलीय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. सोलापुरात युनिफॉर्म शिवायचं काम किती चालतं ते तुम्हाला सांगायला नको. सकाळी नवाला मान मशीनवर वाकते ती रात्री आठला वर येते. गेल्या वर्षी त्यांचा उजवा जबडा दुखायला लागला. कानापुढं ठणका, घास चावताना कट्कट् आवाज, सकाळी उठलं की तोंड आखडलेलं. दातांच्या दवाखान्यात रूट कॅनॉल झालं. दुखणं तसंच. मग तीच दाढ काढली. दुखणं तसंच. मग दुसऱ्या दवाखान्यात शेजारच्या दाढेचा नंबर लागला. दोन दाढा आणि १४ हजार रुपये गेले, ठणका काही गेला नाही.

आता खरी गंमत ऐका. याच काळात मावशी मानेसाठी हाडांच्या डॉक्टरांकडंही जात होत्या. तिथं पट्टा आणि गोळ्या. दोन्ही फायली एकाच पिशवीत! पण दातवाल्यांनी मानेचं विचारलं नाही आणि हाडवाल्यांनी जबड्याचं. मी म्हटलं, मावशी, तुम्ही तरी सांगायचं. तर म्हणाल्या, "मला कोण विचारलंच नाही बाळा. दाताच्या डॉक्टरला मानेचं सांगितलं तर हसतील म्हनून गप बसले."

हसण्यासारखं काही नाही. आत्ता बसल्या जागी करून बघा. मान खाली घालून दात हलकेच मिटा. आता वर छताकडं बघून मिटा. दात वेगळ्या ठिकाणी टेकले ना? मानेवर हात ठेवून मोठा आ करा, डोकं आपोआप किंचित मागं जातं. जबडा आणि मान एकत्रच काम करतात. आणि नसांचं सांगायचं तर चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या वेदना मेंदूकडं नेणारी जी नस आहे, तिचं केंद्र खाली मानेच्या वरच्या मणक्यांपर्यंत उतरतं. मानेच्या वरच्या भागातल्या नसाही तिथंच येऊन मिळतात. त्यामुळं दुखतंय कुठं आणि जाणवतंय कुठं, यात मेंदूचाच गोंधळ होतो. मानेचा ठणका दाढेत जाणवू शकतो, जबड्याचा मानेत.

याचा अर्थ मान सरळ केली की प्रत्येकाचा जबडा बरा होतो, असा अजिबात नाही. दोन्ही दुखणी बऱ्याचदा जोडीनं येतात हे पक्कं. कोण कुणामुळं, हे माणसागणिक बघावं लागतं. माझं भांडण एवढंच आहे, की बघतच नाहीत!

ही पोस्ट दातांच्या डॉक्टरांवर दातओठ खायला लिहिलेली नाही. रुग्णाला आपणहून फिजिओकडं धाडणारे चांगले डॉक्टर याच गावात आहेत. पण विचाराची जी जुनी सवय आहे ना, ती फार खोल गेलीय. १९३४ मध्ये अमेरिकेत कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घसा डॉक्टरनं जबड्याच्या दुखण्याचं खापर पडलेल्या दातांवर आणि बिघडलेल्या चाव्यावर फोडलं. तेव्हापासून 'चावा जुळवा' हा मंत्र सुरू. दात घासा, कॅप बसवा, तारा लावा. दात घासून चावा जुळवल्यानं हे दुखणं जातं, याला भक्कम पुरावा आजही नाही. घासलेला दात मात्र परत उगवत नाही.

२०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक शिफारशी आल्या. जोर कशावर? देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम, मान आणि खांदे ठेवण्याचे व्यायाम, फिजिओच्या हातची हालचाल, दुखऱ्या गाठी दाबून सोडवणं, वेदनेला तोंड द्यायला शिकवणारं समुपदेशन. आणि चावा कायमचा बदलणाऱ्या स्प्लिंटला स्पष्ट नकार. म्हणजे स्वस्तातलं आधी, परत न फिरणारं काही करायचं नाही. आपल्याकडं नेमकं उलटं चालतं.

का चालतं? कारण सगळी व्यवस्थाच कप्प्याकप्प्यांची. दातांचा कायदा १९४८ पासून वेगळा, कॉलेज वेगळं, कौन्सिल वेगळी. फिजिओथेरपीची वेगळी. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजनी २०२० मध्ये या आजारावर जाडजूड अहवाल काढला, त्यातही हेच रडगाणं आहे: वैद्यक आणि दंतवैद्यक यांच्या मधल्या भिंतीत रुग्ण अडकतो. आपल्या बहुतेक मेडिक्लेममध्ये तर ओपीडीतला दातांचा खर्च बसतच नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईनं आठ वेळा फिजिओकडं जायचं तर आठ दिवसांची मजुरी बुडते. त्यापेक्षा दाढ एका दिवसात निघते. हा हिशोब कुणी मांडलाय का?

आणि हो, दुसरं टोकही नको. रील बघून कट्कन मान मोडून घेणारे आणि दाढी-कटिंगनंतर खुर्चीत बसून मानेला झटका मारून घेणारे, दोघांनाही सांगतो: झटक्यानं मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा झाल्याच्या नोंदी आहेत. तोंड हळूहळू कमी उघडत असेल आणि मावा-गुटखा चालू असेल, तर मानेचा विषय सोडा, आधी तोंडाची तपासणी करा. (२०१२ पासून बंदी आहे म्हणे गुटख्याला!) जिना चढताना जबडा दुखतोय, घाम फुटतोय, तर दातवाला नको आणि फिजिओ नको, सरळ हृदयाच्या दवाखान्यात पळा. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येतोय आणि कानशिलं दुखतायत, नजर अंधुक होतेय, तरी थांबू नका.

आता मागणी. सरकारी दवाखान्यांत दंत विभाग आणि फिजिओथेरपी विभाग अनेक ठिकाणी एकाच आवारात आहेत. आठवड्यातून एक दुपार दोघांनी मिळून जबड्याचे रुग्ण बघावेत. नवीन इमारत नको, उद्घाटन नको, फीत कापायला कुणी यायला नको. आणि दातांच्या केस पेपरवर एक ओळ छापा: मान दुखते का? मानेच्या केस पेपरवर: जबडा दुखतो का? शाईचा खर्च मी देतो.

मावशी आता एका फिजिओ ताईंकडं जातात. मशीनच्या पायांखाली विटा लावून मशीन उंच केलंय, दात दाबून न धरता ओठ मिटायची सवय करतायत. ठणका निम्म्यावर आलाय. पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही.

निवेदन लिहून झालंय. पहिली सही मावशींची आहे. रविवारी संध्याकाळी सहा वाजता गल्लीच्या कट्ट्यावर बसतोय, सही करायची असेल त्यांनी यावं. आणि ज्यांच्या अशाच दाढा गेल्यात, त्यांनी दवाखान्याचं नाव न घेता खाली लिहा. किती निघतायत ते तरी मोजू.