पीएच.डी.आधीची पंचवीस वर्षे

१९३५ साली हार्वर्डमधून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण अमेरिकी परराष्ट्र सेवेची परीक्षा उत्तीर्ण झाला. नेमणुकीला मात्र तीन वर्षे थांबावे लागेल, असे त्याला कळवण्यात आले. मंदीचे दिवस होते. संसाराचा गाडा ओढायचा म्हणून त्याने मॅसॅच्युसेट्समध्ये ‘नॅशनल यूथ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ या सरकारी योजनेत नोकरी धरली. आसपासच्या कारखानदारांना कसली माणसे हवीत हे विचारायचे, त्याप्रमाणे वर्ग उभे करायचे आणि १८ ते २५ वयाच्या बेकार तरुणांना तिथून कामाला लावायचे, हे त्याचे काम. आजच्या कौशल्य विकास केंद्रातल्या समन्वयकाला यात आपलाच दिवस दिसेल. त्या तरुणाचे नाव माल्कम नोल्स. परराष्ट्र खात्याकडे त्याने पुन्हा वळून पाहिले नाही.

प्रौढ शिक्षणाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात नोल्स यांचे नाव येते. पण येते ते सिद्धान्ताच्या शीर्षकाखाली. त्यांचा नोकरीचा इतिहास कोणी शिकवत नाही. खरे तर धडा त्यात जास्त आहे.

त्या पहिल्या नोकरीत त्यांना एडवर्ड लिंडमन भेटले. १९२६ साली प्रौढ शिक्षणाच्या अर्थावर पुस्तक लिहिणारे हे गृहस्थ स्वतः अंगमेहनतीची कामे करत वाढले होते आणि विशी ओलांडल्यावर मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाले होते. पुढे १९४० मध्ये नोल्स बोस्टनच्या वायएमसीएत प्रौढ शिक्षणाचे संचालक झाले. तिथल्या खगोलशास्त्राच्या वर्गाची गोष्ट त्यांनी नंतर अनेकदा सांगितली. पहिल्या खेपेला एक जाणकार अध्यापक पिवळ्या पडलेल्या टिपणांतून व्याख्याने देत राहिले आणि वर्ग ओसरत गेला. दुसऱ्या खेपेला नोल्स यांनी एका हौशी खगोलप्रेमीला बोलावले. त्याने मंडळींना थेट गच्चीवर नेले, आकाशाकडे बघायला लावले आणि काय जाणून घ्यावेसे वाटते ते विचारून पुढचे तास आखले. तो वर्ग टिकला. नोल्स यांच्या नंतरच्या सगळ्या मांडणीचे बी या गच्चीवर सापडते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पदव्या मागून आल्या. शिकागोच्या वायएमसीएत नोकरी करता करता शिकागो विद्यापीठात सिरिल हूल यांच्या हाताखाली १९४९ मध्ये एम.ए. झाले आणि त्याच प्रबंधाचे पुढच्या वर्षी पुस्तक झाले. १९५१ ते १९५९ त्यांनी प्रौढ शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचा कारभार पाहिला. बोस्टन विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली तेव्हा त्यांचे वय ४६ होते, आणि पीएच.डी. त्यानंतर, १९६० साली पदरात पडली. तिथे त्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला. १९७४ मध्ये ते नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात गेले आणि १९७९ मध्ये निवृत्त झाले. म्हणजे प्राध्यापकी वीस वर्षांची, आणि तिच्या आधीची उमेदवारी जवळजवळ पाव शतकाची.

त्यांच्या सिद्धान्तात त्रुटी नव्हत्या असे नाही. प्रौढ माणूस मुलांपेक्षा अगदी वेगळ्या रीतीने शिकतो, हा १९७० मधल्या पुस्तकातला ठाम दावा त्यांनी त्याच्या १९८० च्या आवृत्तीत स्वतःच सौम्य केला. ‘आम्ही हेच मुलांबरोबर करतो आणि जमते,’ असे शाळाशिक्षकांनी त्यांना कळवले होते. वर्गावरून आलेला पुरावा मानण्याची सवय प्राध्यापक झाल्यावरही सुटली नव्हती, एवढे यातून कळते.

कामाच्या अनुभवातून शिकवण्याची रीत घडवणारे नोल्स एकटे नव्हते. चार्ल्स अ‍ॅलन यांचे उदाहरण तर आपल्या आयटीआयच्या निदेशकांना रोजच्या वापरातले वाटेल. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला घाईने जहाजे बांधायची होती आणि गोदीत कुशल हात नव्हते. औद्योगिक शिक्षणात मुरलेल्या अ‍ॅलन यांनी जुन्या कारागिरांनाच शिक्षक बनवले आणि तयारी, सादरीकरण, उपयोजन, तपासणी अशी चार पायऱ्यांची पद्धत दिली. १९१९ च्या पुस्तकात ती नोंदली गेली, दुसऱ्या महायुद्धात लाखो कामगारांच्या प्रशिक्षणासाठी तिचा पुन्हा आधार घेतला गेला, आणि निदेशक-प्रशिक्षणातल्या पाठ टाचणात ती अजून आहे.

आजची अमेरिका मात्र डोळे झाकून नक्कल करण्याजोगी नाही. २०१४ च्या रोजगार-प्रशिक्षण कायद्याने प्रौढ शिक्षणही त्याच मोजमापाखाली आणले. माणूस बाहेर पडल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत नोकरीत आहे का, त्याची कमाई किती, असे सहापैकी तीन निकष थेट रोजगाराचे आहेत. कौशल्यवाढीचाही एक रकाना आहे, हे खरे. तरी नातवाचा अभ्यास घेता यावा म्हणून वाचायला शिकणाऱ्या आजीचे वजन या तक्त्यात कमीच भरणार. पेन स्टेटसारख्या विद्यापीठात मनुष्यबळ विकास आणि प्रौढ शिक्षण हे दोन अभ्यासक्रम एकाच विभागात शेजारी नांदतात. हा शेजार मात्र घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्रात हा शेजार तुटलेला आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कामगारांसाठी रात्रशाळा काढली. देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ १९६७ मध्ये वरळीत सुरू झाले. अनुभवाचा तुटवडा इथे कधीच नव्हता. पण श्रमिक विद्यापीठांची झालेली जन शिक्षण संस्थाने आता कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहेत, आणि विद्यापीठांतले आजीवन अध्ययन विभाग शिक्षण खात्याच्या वाटेला. शिवण किंवा मोटर वाइंडिंग शिकवण्यात वीस वर्षे घालवलेल्या अनुदेशकाला एकीकडून दुसरीकडे जायला दारच नाही.

नेट परीक्षेत प्रौढ शिक्षण हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यात नोल्स अभ्यासावे लागतात. पण यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी जी १०० गुणांची छाननी आहे, तिच्यात अध्यापन किंवा पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या अनुभवाला जास्तीत जास्त १० गुण. वस्तीत वर्ग चालवल्याचे, कारखान्यात कामगार घडवल्याचे गुण मागायला रकानाच नाही. नोल्स यांची पहिली पंचवीस वर्षे या तक्त्यात जवळपास कोरी राहिली असती.

एक फट आहे. २०२२ मध्ये यूजीसीने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची मार्गदर्शक तत्त्वे काढली: किमान १५ वर्षांचा अनुभव, औपचारिक पदवीची सक्ती नाही, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत नेमणुका. अनुभव शक्यतो वरिष्ठ स्तरावरचा असावा, असेही त्यात आहे, आणि तेवढ्यावर बोट ठेवून विद्यापीठे कंपन्यांच्या निवृत्त अधिकाऱ्यांकडे वळतील, ही शंका रास्त आहे. पण ती अट बंधनकारक नाही. जन शिक्षण संस्थानांच्या संचालकांनी पंधरा वर्षांहून अधिक काळ वर्गावर असलेल्या आपल्या अनुदेशकांची यादी जवळच्या विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन विभागाकडे पाठवावी, पुढची जाहिरात निघण्याआधी. कोणी काय शिकवले, किती जणांना आणि त्यांचे पुढे काय झाले, हे आधी लिहावे. पदव्यांचा रकाना शेवटी.