बालकांचा कर्करोग आणि सरकारची जबाबदारी

जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना व किशोरांना कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार श्रीमंत देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. रोग तोच, औषधेही बहुतांशी तीच. तरीही मूल जगणार की मरणार, हे त्याचा जन्म कोणत्या देशात आणि कोणत्या वर्गात झाला यावर ठरते. याला दैव म्हणणे म्हणजे विषम समाजव्यवस्थेला दोषमुक्त करणे होय.

न्यूमोनिया आणि अतिसाराने जेथे असंख्य अर्भके दगावतात, तेथे अशा तुलनेने विरळ रोगावर व त्याच्या संशोधनावर पैसा का खर्चावा, असा सवाल केला जातो. हा सवाल फसवा आहे. एका गरीब मुलाला दुसऱ्या गरीब मुलाविरुद्ध उभे करून तो आरोग्यावरील तुटपुंजी तरतूद अटळ मानावयास शिकवितो.

संशोधन ही श्रीमंत देशांची चैन नव्हे, हे आपल्याच देशाच्या अनुभवाने सिद्ध केले आहे. मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगातून त्या काळी येथे पाचांपैकी जेमतेम एक मूल वाचत असे. १९८४ साली मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि मद्रासची अड्यार येथील कर्करोग संस्था यांनी अमेरिकेच्या सरकारी राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने एक समान उपचारक्रम स्वीकारला. येथील मुलांना झेपेल आणि येथील रुग्णालयांना परवडेल, असा तो आखलेला होता. पुढील वीस वर्षांच्या नोंदींनी दाखविले की, रोगमुक्त राहणाऱ्या मुलांचे प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत पोहोचले. यांपैकी एकही संस्था नफ्यासाठी चालविली जात नव्हती, ही गोष्ट विसरता कामा नये.

औषधांच्या किमतीबाबतही हेच म्हणावे लागेल. १९७० च्या पेटंट कायद्यामुळे भारतात स्वस्त औषधे तयार होऊ शकली. २००५ साली बड्या औषध कंपन्यांच्या सोयीने तो कायदा बदलला जात असता, जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट मिळविण्यास आळा घालणारे कलम डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे त्यात आले. त्याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली इमॅटिनिब या औषधावरील एका स्विस मक्तेदार कंपनीचा दावा फेटाळला. रक्ताच्या काही कर्करोगांत मुलांनाही हे औषध द्यावे लागते.

परंतु केवळ औषध स्वस्त होऊन भागत नाही. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन वर्षांहून अधिक काळ चालतो. बिहार, उत्तर प्रदेश, बंगालमधून मूल घेऊन परळला येणाऱ्या मजूर कुटुंबाची मजुरी बुडते, कर्ज वाढते, निवाऱ्याअभावी पदपथावर पथारी पसरावी लागते. अखेर उपचार अर्धवट टाकून ते गावी परतते. २०१८ पासूनची सरकारी विमा योजना रुग्णालयातील खर्चाचा काही भार उचलते. बुडालेली मजुरी ती भरून देत नाही आणि गावाजवळ रुग्णालयही उभारीत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबात तो १.८४ टक्केच भरला, तर एकूण आरोग्यखर्चाचा ३९ टक्के बोजा जनतेने स्वतःच्या खिशातून उचलला.

दानशूरांच्या देणग्यांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु मुलाचा प्राण कोणाच्या औदार्यावर टांगणीला लागता कामा नये. प्रत्येक राज्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून बालकर्करोग विभाग, संपूर्ण मोफत उपचार, कुटुंबाच्या प्रवास, निवास व आहाराची सोय, सार्वजनिक कारखान्यांतून औषधनिर्मिती आणि संशोधनासाठी सरकारी निधी या मागण्या कामगार संघटना, किसान सभा आणि महिला संघटनांनी आपल्या कार्यक्रमात घेतल्या पाहिजेत. मुले वाचविण्याचे ज्ञान उपलब्ध आहे. ते प्रत्येक श्रमिकाच्या घरापर्यंत पोहोचविण्यास सरकारला भाग पाडणे, हे जनतेच्या संघटित चळवळीचे काम आहे.