तीस दिवसांची मुदत आणि गावाची भाषा

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावांतील बदल यांच्या दाटीत, अधूनमधून एक लहानशी जाहिरात छापून येते. अमुक प्रकल्पास पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली असून तिची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे व मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळेल, एवढाच तिचा मजकूर. बहुसंख्य वाचक ती ओलांडून पुढे जातात. परंतु ज्यांच्या विहिरी, कुरणे आणि मासेमारीच्या जागा त्या प्रकल्पाच्या कडेला आहेत, त्यांच्यासाठी त्या घटकेपासून दिवस मोजले जाऊ लागतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्यातील कलम 16 नुसार अशा मंजुरीविरुद्ध तीस दिवसांत अपील करावे लागते. सबळ कारण दाखविल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात. नव्वद दिवस उलटले, की कारण कितीही खरे असो, न्यायाधिकरणाचा दरवाजा बंद होतो.

मुदत असावी, याबद्दल वाद नाही. भांडवल गुंतवणाऱ्यालाही निश्चिती हवी असते. प्रश्न असा, की या नव्वद दिवसांत गावाने करावयाचे तरी काय? मंजुरीचे पत्र वाचावयाचे. शेकडो पानांचा परिणाम-अहवाल मिळवावयाचा. त्यातील भूजलाचे, वाऱ्याच्या दिशेचे, राखेच्या साठवणीचे आकडे समजून घ्यावयाचे, ते खोटे असल्यास तसे सांगणारा तज्ज्ञ शोधावयाचा, आणि हे सारे मांडणारा वकील गाठावयाचा. नुकसानभरपाई मागितलेली नसेल तर अर्जाचे शुल्क अवघे एक हजार रुपये आहे, हे मान्य केले पाहिजे. खर्च होतो तो या उरलेल्या गोष्टींवर.

शिवाय अहवाल इंग्रजीत असतो. 2006 च्या अधिसूचनेने जनसुनावणीपूर्वी स्थानिक भाषेत सारांश देणे बंधनकारक केले, मूळ अहवाल नव्हे. सारांश कोण लिहितो? ज्याला मंजुरी हवी आहे तोच. त्यात रोजगाराचा परिच्छेद ऐसपैस असतो आणि सांडपाण्याचा दोन ओळींत उरकलेला असतो, याचे नवल वाटू नये. 2020 मध्ये या अधिसूचनेचा नवा मसुदा निघाला, तेव्हा तो आठव्या परिशिष्टातील भाषांत उपलब्ध करून द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयास द्यावा लागला, आणि केंद्राने त्यास विरोध केला. ज्या मसुद्यावर जनतेची मते मागविली, तो जनतेच्या भाषेत देण्याची इतकी अडचण का व्हावी, हे कोडे आम्हांस अद्याप उलगडलेले नाही.

कागद नीट वाचणारा माणूस मिळाला तर काय घडते, याचे उदाहरण गोव्यात आहे. मोपा येथील विमानतळास 2015 मध्ये मंजुरी मिळाली. अर्जाच्या पहिल्याच प्रपत्रात आसपासच्या वनक्षेत्रांची व संवेदनशील परिसराची माहिती यथार्थ दिली नव्हती, हे अपीलकर्त्यांनी दाखवून दिले. हरित न्यायाधिकरणाने मंजुरी कायम ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये ती स्थगित करून प्रकरण तज्ज्ञ समितीकडे फेरविचारार्थ धाडले. पुढे जानेवारी 2020 मध्ये अधिक अटी घालून स्थगिती उठली आणि त्या अटींच्या पालनावर देखरेख करण्याचे काम नागपूरच्या 'नीरी'कडे सोपविण्यात आले. विमानतळ झालाच, मग मिळविले काय, असे कोणी विचारील. मिळविले ते हे, की प्रपत्रातील रकाना ही शपथेसारखी गोष्ट आहे, हे न्यायालयाने नोंदविले. या शाखेतील वकिली मुख्यत: अशीच असते. तिच्यात वक्तृत्वाला फारसा वाव नाही; नकाशा आणि रकाना यांची ताडातोड करीत बसावे लागते.

त्याहून जुने रतलामचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात पर्यावरणाचा एकही स्वतंत्र कायदा वापरलेला नव्हता. उघडी गटारे व मद्यनिर्मितीचे सांडपाणी यांनी त्रासलेल्या रहिवाशांनी फौजदारी प्रक्रिया संहितेतील सार्वजनिक उपद्रवाच्या जुन्या कलम 133 चा आधार घेऊन दंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला. नगरपालिकेने पैसा नसल्याचे रडगाणे गाइले. 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते फेटाळले. जुलै 2024 पासून ती संहिता गेली. तरी तीच तरतूद नागरिक सुरक्षा संहितेत कलम 152 म्हणून उभी आहे. तालुक्याच्या गावचा कोणताही वकील ती वापरू शकतो. किती जण वापरतात?

येथे शिक्षणाचा मुद्दा येतो. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत शिकविण्याचे आदेश दिले. त्यातून निघालेल्या प्रकल्प-वह्या, चिकटविलेली पाने आणि ओझोनच्या आकृत्या प्रत्येक शिक्षकाने तपासल्या आहेत. परंतु जनसुनावणीची सूचना कशी वाचावी, हरकत कशी लिहावी, तिची पोच का घ्यावी, हे त्या तासांत क्वचितच येते. कायद्याच्या पदवीतही हा विषय सक्तीचा आहे; तेथेही निकालांची नावे पाठ होतात आणि एखादा परिणाम-अहवाल हातात न धरता विद्यार्थी सनद घेतो. आणि कचेरीतील लिपिकाला बारनिशीचे महत्त्व सांगावयास नको: मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीत कोणत्या दिवशी आवक झाली, या एका नोंदीवर अपील मुदतीत की मुदतीबाहेर, हा वाद रंगू शकतो.

संपूर्ण अहवाल राज्यभाषेत देण्याचे बंधन प्रकल्पधारकावर घालावे आणि त्याचा खर्च त्यानेच सोसावा. कोट्यवधींच्या प्रकल्पास भाषांतराचे बिल जड जाणार नाही. विधी महाविद्यालयांच्या साहाय्य केंद्रांनी आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक जनसुनावणीस विद्यार्थी पाठवून गावकऱ्यांच्या हरकती लिहून द्याव्यात. यासाठी नवा कायदा लागत नाही, प्राचार्यांची सही पुरते. आणि पुण्याचे खंडपीठ 2018 मध्ये सदस्यांअभावी थंडावले होते, तशी पाळी पुन्हा न येऊ देणे हे केंद्राचे काम आहे. गावाच्या मुदतीचे दिवस काटेकोर मोजणाऱ्या शासनाने न्यायाधिकरणातील रिकाम्या खुर्च्यांचे दिवसही तितक्याच काटेकोरपणे मोजावेत.