पोप आणि बटाटा

स्पॅनिश शिकवणाऱ्या पुस्तकांत आणि वर्गांत एक विनोद इतक्या नेमाने भेटतो की तो अभ्यासक्रमाचाच भाग असावा अशी शंका यावी: 'एस्पोसास' म्हणजे बायका आणि 'एस्पोसास' म्हणजे बेड्याही. या आठवड्यात तोच विनोद 'परस्परांशी संबंध नसलेले अर्थ' अशा मथळ्याखाली छापलेला आढळला. या सदराची व्युत्पत्तीची खोड ज्यांना ठाऊक आहे, त्या वाचकांना पुढच्या तक्रारीचा अंदाज आलाच असेल.

तक्रार विनोदाविषयी नसून मथळ्याविषयी आहे. लॅटिनमधील 'स्पोन्सा', म्हणजे जिच्याविषयी वचन दिले गेले आहे अशी वाग्दत्त वधू, हे 'एस्पोसा'चे मूळ असून, दोन मनगटे जोडीने जखडणाऱ्या कड्यांना तेच नाव मिळाले ते उघडच उपमेने. १७१३ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीचा कोशही हे दोन्ही अर्थ एकाच नोंदीखाली देतो. एकाच शब्दाला असे अनेक अर्थ फुटतात तेव्हा त्याला अनेकार्थता म्हणतात, आणि मुळात वेगळे असलेले शब्द झिजून एकसारखे दिसू लागतात तेव्हा ती समरूपता होय. या दोहोंची गल्लत करून 'संबंध नाही' असे म्हणणे म्हणजे ज्या नवरेमंडळींनी ही उपमा रूढ केली, त्यांची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता करण्यासारखे आहे.

खरे परके शब्द पाहायचे तर आज बहुतेक ठिकाणी 'यामा' असा उच्चारला जाणारा शब्द घ्यावा. लॅटिनमधील 'फ्लामा' (ज्योत) आणि 'क्लामात' (ओरडतो) या शब्दांच्या आरंभीची जोडाक्षरे स्पॅनिश तोंडात झिजून एकाच ध्वनीत विरली, त्यामुळे 'ज्योत' आणि 'बोलावतो' यांचे रूप एक झाले; आणि पुढे अँडीज पर्वतातील ओझेवाहू लोकरी प्राणी क्वेचुआ भाषेतले आपले नाव घेऊन त्याच रूपात येऊन बसला. 'नादा'ची कथा याहून विक्षिप्त आहे, कारण 'पोहतो' या अर्थाचा 'नादा' पोहण्याच्या लॅटिन धातूपासून आला, तर 'काही नाही' या अर्थाचा 'नादा' मुळात 'जन्मलेली' (वस्तू) असा होता आणि नकारार्थी वाक्यांत सतत वावरून त्याने तो नकारच स्वतःच्या अंगी मुरवून घेतला.

अशा जोड्यांतील घोटाळा टाळण्याचे काम पुष्कळदा लिंगदर्शक उपपदावर पडते. 'एल पापा' म्हणजे पोप आणि 'ला पापा' म्हणजे बटाटा. पहिला शब्द ग्रीकमधून लॅटिनमार्गे आलेला, दुसरा क्वेचुआ. २०१३ मध्ये निवडले गेलेले पोप फ्रान्सिस अर्जेंटिनाचे होते, आणि २०२५ मध्ये त्यांच्या जागी आलेले चौदावे लिओ यांनी अनेक वर्षे पेरूत धर्मकार्य करून त्या देशाचे नागरिकत्वही घेतलेले असल्यामुळे, लागोपाठ दोन पोप असे लाभले की ज्यांच्या कर्मभूमीत त्यांच्या पदाचे नाव बाजारात किलोवर विकले जाते.

स्पेनच्या बहुतांश भागात मात्र बटाट्याला 'पाताता' म्हणतात. कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतला 'बाताता', म्हणजे रताळे, स्पॅनिशांना आधी भेटला आणि 'पापा' नंतर; दोन्ही कंद जमिनीखालचे, दोन्ही नवे, म्हणून नावांचा संकर झाला. पोर्तुगीजांनी तर 'बाताता' हेच नाव बटाट्याला दिले आणि तेच भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरून मराठीत 'बटाटा' झाले, म्हणजे मराठी माणूस बटाट्याला शतकानुशतके रताळ्याच्या नावाने हाक मारीत आहे. प्रत्यक्ष रताळ्याला त्याने संस्कृत 'रक्तालु'पासून, म्हणजे तांबड्या आलूपासून, आलेले नाव ठेवले, आणि तोच 'आलू' हिंदीत बटाट्याचे नाव होऊन बसला. तेव्हा दोन कंदांनी परस्परांची नावे पळवण्याचा हा प्रकार कोणत्याही श्लेषापेक्षा सरस मानावा लागतो. दोघेही अमेरिकेतून आलेले असताना उपवासाला चालतात, याचे नवल करणाऱ्यांनी साबुदाण्याच्या खिचडीकडे पाहावे: ज्या कसावा कंदापासून भारतात साबुदाणा बनतो तो कंद, शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरची हे चारही तिकडचेच असून, जिरे आणि तूप तेवढे इकडचे आहे.