बंद पडला म्हणजे मेला नाही

पनवेलच्या ऑर्केस्ट्रावाल्यांत सध्या एक मत जोरात फिरतंय. बास गिटारचे हे नवे दोन-अडीच किलोचे अ‍ॅम्प म्हणजे खेळणी, आपल्या उन्हाळ्यात तासाभरात तापतात, ऐन गाण्यात दगा देतात. भरवसा ठेवायचा तर लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या धुडावरच. हे सांगणारे गृहस्थ साउंडच्या धंद्यात माझ्याहून जुने. त्यामुळे नवी पोरं त्यांचं ऐकतात आणि चांगले चालते अ‍ॅम्प मिळेल त्या भावात फुंकून टाकतात. म्हणून मला हे लिहावं लागतंय.

त्यांचा सगळा पुरावा एका रात्रीचा आहे आणि त्या रात्रीचा अ‍ॅम्प माझा होता. मे महिना, गव्हाणच्या बाजूला एका आगरी घरची हळद. वर ताडपत्री, तिन्ही बाजूंनी कनात, डोक्यावर हॅलोजन. तिसऱ्या गाण्यात बास गेला. गृहस्थ म्हणाले, "मेला तुझा डबा." मी मागे हात घातला. कनातीचं कापड पंख्याच्या जाळीला असं चिकटलं होतं की ते ओढून काढावं लागलं. जाळीवर हळदीचा थर, बोटाने खरवडला तर नमद्यासारखा निघाला. अ‍ॅम्प हातभर पुढे ओढला, जाळी रंगाच्या ब्रशने झाडली. पाच-सात मिनिटांत तो आपणहून सुरू झाला आणि पहाटेपर्यंत वाजला. गृहस्थांनी लोकांना सांगितला तो फक्त पहिला अर्धा भाग.

माझा खरा राग इथे आहे. आतला तापमापक मर्यादा ओलांडली की आवाज तोडतो, आणि थंड झाल्यावर परत जोडतो. ही त्या यंत्राची राखण आहे. जुन्या धुडांपैकी कितीतरींत ही सोयच नव्हती. त्यांचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की थेट डीसी करंट स्पीकरमध्ये शिरायचा आणि व्हॉइस कॉइल जाळायचा. एका रात्रीत अ‍ॅम्पही गेला आणि पंधरा इंची स्पीकरही, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. जळका वास आला की समजायचं, आता घरी जायचं. त्याला आपण भरवसा म्हणायचं आणि जो स्वतःला वाचवतो, स्पीकरला वाचवतो, त्याला खेळणं?

आता उष्णतेचा हिशोब मांडू. जुन्या पद्धतीचा, एबी वर्गाचा अ‍ॅम्प पूर्ण जोरात 60 टक्क्यांच्या आसपास काम देतो. 300 वॉट बाहेर काढायला तो 500 वॉट ओढतो आणि 200 वॉटची शेगडी पेटवतो. डी वर्गाचा छोटा अ‍ॅम्प 90 टक्क्यांच्या आसपास देतो. तेवढ्याच कामाला त्याची उष्णता 33 वॉट. म्हणजे छोटा जास्त तापतो हे मूळ विधानच उलटं आहे. तो उष्णता कमी करतो, पण साठवू शकत नाही. धुडाचं लोखंड आणि लांबलचक हीटसिंक तासभर ऊब पोटात ठेवतात. छोट्याला पोट नाही, त्याचा सगळा जीव पंख्याच्या वाऱ्यावर. त्यातून समजा, त्याची मर्यादा 80 अंशांची आहे. 22 अंशांच्या थंड हॉलमध्ये त्याच्याकडे 58 अंशांचा फरक असतो, आपल्या 40 अंशांच्या मांडवात 40 चाच. उष्णता बाहेर फेकण्याची ताकद जवळपास एक तृतीयांशाने घटली, आणि वर आपण त्याचं नाक कनातीने दाबतो.

गृहस्थ म्हणतात जनरेटरवर तो टिकत नाही. व्होल्टेज खाली आलं की तेवढ्याच कामाला तो जास्त करंट ओढतो आणि तापतो, हे खरं. मग जनरेटरवाल्याला सांगा, एका फेजवर हॅलोजन आणि साउंड एकत्र लादू नको. म्हणतात मोठ्या आवाजाला पुरत नाही. चार ओहमचे दोन बॉक्स जोडून दोन ओहम करायचे आणि मग चार ओहमच्या अ‍ॅम्पला दोष द्यायचा, हे मला पटत नाही.

हेच लोक पूर्वी म्हणत, ऑर्केस्ट्राला बासवाला लागतोच कशाला, कीबोर्डवाल्याचा डावा हात आहे ना. तो वाद मी दहा वर्षं ऐकला. बासची मोकळी ई तार सेकंदाला 41 वेळा कापते. ती हवा हलवायला खरी ताकद लागते, आणि ती बोटातून येते तेव्हा ढोलकी वेगळी वाजते, हे ज्याने स्टेजवर अनुभवलंय त्याला समजावावं लागत नाही. तेव्हाही वजन, माणूस, खर्च हाच मुद्दा होता. आज बासवाला पाठीवरच्या बॅगेत अ‍ॅम्प टाकून पनवेलहून हार्बरची लोकल पकडतो, कुर्ल्याला बदलून दादरला वेळेवर पोचतो. 1969 साली अमेरिकेत आलेला 300 वॉटचा अँपेगचा एसव्हीटी, चौदा व्हॉल्व्हचा, चाळीस किलोच्या आसपास. त्याचा आवाज मला आजही आवडतो, पण तो घेऊन कुर्ल्याचा पूल चढून दाखवा.

एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. जुना अ‍ॅम्प बिघडला की लॅमिंग्टन रोडवरून 2एन3055 ट्रान्झिस्टरची जोडी आणून कुणीही डाग द्यायचा. छोट्याचा बोर्ड बहुधा पूर्ण बदलावा लागतो. कंपन्यांनी बोर्ड आणि सर्किटचा नकाशा इथल्या कारागिरांना द्यायला हवा, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

मी काय करतो? अ‍ॅम्प कनातीपासून हातभर दूर, खाली चटई किंवा शाल नाही, दर कार्यक्रमानंतर जाळी झाडतो, गणपतीत गुलाल उडतो तेव्हा दोनदा. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं, म्हणून एवढी काळजी. हळदीचा पुढचा हंगाम एप्रिलमध्ये लागेल. गृहस्थांनी यावं, माझ्या मागे उभं राहावं आणि रात्री दोन वाजता त्या डब्यावर स्वतःचा हात ठेवून पाहावा.